डोक्याला मार लागलेले आप्पा आता चालतात, पायात ताकदही आहे, तरी पडतात. असं का?

तुम्ही लिहिलंय की खानापूर रोडला दुचाकीच्या अपघातात आप्पांच्या डोक्याला मार लागला, बेळगावात ऑपरेशन झालं, आणि घरी आल्यापासून ते दोनदा पडले. मी फिजिओथेरपिस्ट आहे, बेळगाव-निपाणी पट्ट्यात घरी जाऊन पेशंट बघतो.

अंथरुणाला खिळलेला माणूस सहसा पडत नाही, पडतो तो जरा बरा झालेला. पाय चालायला लागलेले असतात, पण "आपल्याला हे अजून जमत नाही" हे ज्या मेंदूनं ओळखायचं, मार त्यालाच बसलेला असतो. कपाळामागच्या भागाला इजा झाली की धीर धरणं आणि धोका जोखणं कमी होतं, सांगितलेलं ध्यानातही राहत नाही. त्यामुळं "एकटं उठू नका" म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. त्याला हट्टीपणा समजू नका.

दुसरं म्हणजे लक्ष. आप्पा सोप्यातून न्हाणीकडं निघालेत आणि मागून कुणी विचारलं, "आप्पा, चहा झाला काय?" ते मान वळवतात, पाऊल तिथंच अडखळतं, तोल जातो. आपलं चालणं आपोआप होतं, त्यांना अजून एकेका पावलाकडं लक्ष द्यावं लागतं. बोलताना ज्यांचं चालणं थांबतं ते वृद्ध जास्त पडतात, हे स्वीडनच्या संशोधकांनी १९९७ मध्येच दाखवलं होतं. चालताना त्यांच्याशी गप्पा नकोत, फोन नको, हातात तांब्याही नको. बघायला येणाऱ्या पै-पाहुण्यांना हे आधीच सांगून ठेवा. सगळ्यात जास्त बोलतात तेच.

माझ्या अनुभवात बहुतेक पडणं रात्री लघवीला उठताना होतं. कॉटवरून झटक्यात उठतात, लुंगीचं टोक पायाखाली येतं, शहाबादी फरशी ओली असते, पुढं उंबरा. लुंगीऐवजी अर्धी चड्डी किंवा नाडीची पँट द्या. मागं पट्टा असलेलं रबरी तळव्याचं सँडल द्या, सपाता नकोत. कॉटपासून न्हाणीपर्यंत रात्रभर बारका दिवा, न्हाणीत भिंतीला पक्की दांडी आणि बसायला प्लॅस्टिकची खुर्ची. झोपण्याआधी स्वतःहून लघवीला न्या, पहाटेही एकदा उठवून न्या. त्यांनी हाक मारण्याची वाट बघू नका, ते मारणार नाहीत. पावसाळ्यात परड्यातला संडास पूर्ण बंद. आपल्याकडच्या शेवाळावर धडधाकट माणूस टिकत नाही.

उठवताना सूचना आखूड आणि रोज त्याच शब्दांत: "पाय मागं. पुढं वाका. उठा. थांबा." उभं राहिल्यावर थोडं थांबून मगच पाऊल. आपल्या सीमाभागातल्या घरांत एक जण "उठा" म्हणतो, दुसरा कन्नडमधून "एळ्री". पेशंटला दोन्ही कळत असलं तरी एकच ठरवा. तुम्ही त्यांच्या कमजोर बाजूला, अर्धं पाऊल मागं उभं राहा आणि कमरेला पट्टा बांधून त्याला धरा. दंडाला धरून ओढलं तर खांदा निखळू शकतो.

गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना पुन्हा दाखवा. झोपेच्या गोळ्यांनी झोक जातो. फिटसाठीच्या फेनिटोइनचं रक्तातलं प्रमाण वाढलं तरी माणूस दारू प्यायल्यासारखा चालतो. मात्र ती गोळी मनानं बंद करू नका, फिट येईल. बीपी झोपून मोजा, उभं केल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना सांगा. कुशीवर वळताना खोली गरगरते म्हणाले तर कानाच्या आतले, तोल सांभाळणारे बारीक खडे सरकलेले असू शकतात. डोक्याला मार लागल्यावर हे बऱ्याचदा होतं, आणि तज्ज्ञानं ठरावीक पद्धतीनं मान फिरवली की बहुतेकदा थांबतं.

ऑपरेशनमध्ये कवटीचं हाड काढून पोटात ठेवलं असेल तर त्या बाजूला मेंदूवर फक्त कातडी आहे. हाड परत बसवेपर्यंत त्यांना हेल्मेटशिवाय चालू द्यायचं का, हे सर्जनला आजच विचारा.

पुन्हा पडलेच तर घाईनं उचलू नका. डोकं आपटलं असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बरे दिसले तरी लगेच दवाखाना गाठा. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा फिट दिसली तर १०८ ला फोन करा. आत रक्त साचल्याची लक्षणं दोन-तीन आठवड्यांनीही दिसू शकतात, तोवर त्यांच्या बोलण्या-चालण्यातल्या फरकावर नजर ठेवा.