ऐकू येतं, पण डोक्यात टिकत नाही

ताई, तुम्ही लिहिलंत की एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं अवघड जाणारी अवस्था) असलेली तुमची मुलगी सांगितलेलं ऐकते, पण करत नाही. ती मुद्दाम दुर्लक्ष करत नाहीये, हे आधी मनात पक्कं करा. एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांना ऐकलेले शब्द काही क्षण डोक्यात धरून ठेवणं जड जातं. "डबा ओट्यावर ठेव, हात धू, गणिताची वही आण" म्हटलं की माझा मुलगा हात धुऊन तिथेच उभा राहायचा. मी ओरडायचे. आजही त्याचं वाईट वाटतं.

सध्या एवढंच करा:

- आधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं तरी मूल असंच वागतं.
- टीव्ही, मिक्सर बंद करा, जवळ जाऊन बोला. गोंगाटातून शब्द वेगळे काढण्यातच या मुलांची बरीच शक्ती जाते. वर्गातही पुढचा, खिडकीपासून लांबचा बाक मागा.
- एका वेळी एकच सूचना. मग तिलाच विचारा, "काय करायचंय?"

तेच वाक्य आवाज चढवून पुन्हा म्हणणं, ही आपल्या सगळ्यांची पहिली चूक. दुसरी म्हणजे स्मरणशक्ती वाढवणारी महागडी ॲप्स. मूल त्या खेळात तरबेज होतं, वर्गात मात्र फारसा फरक दिसत नाही.

ऐकलेले अंक उलट्या क्रमाने म्हणायला लावून स्मरण तपासणाऱ्या चाचण्या, औषधं, हे नंतर बोलू. आधी कानाची तपासणी होऊ दे, मग कळवा.