प्लॉट दाखवताना पेट्रोल कुठे जातं

भाऊ, जळगावात नवीन एजंटचं पेट्रोल जातं ते नुसतं बघायला येणाऱ्यांवर. म्हणून आधी सातबारा, एनए (बिगरशेती) आदेश, लेआउट, रस्त्याचा व्हिडिओ आणि लोकेशन व्हॉट्सअॅपवर पाठव. बजेट नि कर्जाची तयारी विचारल्याशिवाय किक मारू नको.

दिशा ठरवून फिर: पिंपराळा-निमखेडी एका फेरीत, मेहरुण-शिरसोली दुसऱ्या. ६० किमीच्या फेरीला १५ चं अ‍ॅव्हरेज देणारी कार ४ लिटर पिते, ४५ ची बाईक सव्वा-दीड. कुटुंब असेल तर त्यांच्याच गाडीतून साइटवर बोलाव. गरजू माणूस येतोच. मे महिन्यात सकाळी दहाच्या आत उरक, दुपारच्या उन्हात एसी पेट्रोल खातो आणि गिऱ्हाईकही वैतागतं. टायरची हवा गाडी थंड असताना तपास. डायरीत फेरीगणिक खर्च लिही, कमिशन ठरवताना तोच आकडा कामी येतो.