अवक्षेप, साका की गाळ?

फोंड्याच्या एक बाई दहावी-अकरावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवतात. पुस्तकं इंग्रजी, समजावणं मराठीत. त्यांनी विचारलंय : दोन द्रावणं एकत्र केल्यावर जो घन पदार्थ दिसू लागतो, त्याला अवक्षेप म्हणावं की साका? मुलं तर सरळ 'गाळ' म्हणून मोकळी होतात. शिवाय 'अवक्षेपण पडलं' चालेल का?

शेवटचं आधी. नाही चालणार. अवक्षेपण ही क्रिया, अवक्षेप हा पदार्थ. अवक्षेप पडतो, येतो किंवा मिळतो, अवक्षेपण होतं.

शब्द जुना आहे. 'क्षिप्' म्हणजे फेकणं, 'अव' म्हणजे खाली. आक्षेप, प्रक्षेप, निक्षेप हे त्याचेच भाऊबंद. वैशेषिक दर्शनाच्या तत्त्वज्ञांनी कर्माचे, म्हणजे हालचालीचे, पाच प्रकार सांगितले, त्यांत उत्क्षेपणाच्या (वर फेकण्याच्या) जोडीला अवक्षेपण आहेच. रसायनशास्त्राने अर्थ तेवढा नवा दिला.

घोळ होतो तो या 'खाली'मुळे. मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण घातलं की पांढरा, दह्याच्या कवड्यांसारखा सिल्व्हर क्लोराइड दिसतो. तो तळाला जाईपर्यंत थांबायची गरज नाही; पाणी दुधाळ झालं त्याच क्षणी तो अवक्षेप झाला. साका मात्र बसावाच लागतो, म्हणून आपण 'साका बसला' म्हणतो. आणि गाळ मुळात विरघळलेलाच नसतो. पावसाळ्यात मांडवीला येते ती तांबडी माती गाळच. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली तर हे तिन्ही शब्द एका कळशीत भेटतात : तुरटीतून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा अवक्षेप येतो, तो मातीचा गाळ धरून खाली नेतो, आणि तळाला दोघांचा मिळून साका बसतो.

बाईंना खरी अडचण पुढे येणार आहे, 'अविद्राव्य' (न विरघळणारा) या शब्दाने. अवक्षेप येईल की नाही हे ओळखायचा पाठ ठरलेला आहे. सोडियम, पोटॅशियम, अमोनियम यांचे क्षार आणि सगळी नायट्रेटं विरघळतात. क्लोराइडं विरघळतात, पण चांदी आणि शिशाची नाही. सल्फेटं विरघळतात, पण बेरियम आणि शिशाची नाही. द्रावणं मिसळली की आयनांच्या (क्षार विरघळल्यावर सुटे होणाऱ्या विद्युतभारित कणांच्या) जोड्या बदलून बघायच्या; एखादी न विरघळणारी जोडी जमली तर अवक्षेप. मीठ आणि पोटॅशियम नायट्रेट मिसळा, कितीही ढवळा, अशी जोडीच जमत नाही.

हे ठीक, पण पूर्णपणे अविद्राव्य असं काही नसतं. 'अल्पविद्राव्य' हा शब्द मला म्हणूनच जास्त प्रामाणिक वाटतो. सिल्व्हर क्लोराइडसाठी 25 अंश सेल्सियसला चांदीच्या आणि क्लोराइडच्या आयनांच्या संहतींचा (एका लिटरात किती मोल; मोल हे कणांची संख्या मोजायचं माप) गुणाकार सुमारे 1.8 × 10⁻¹⁰ च्या वर गेला, तरच अवक्षेप येतो. मिसळल्यानंतर दोन्ही आयन लिटरमागे 0.0001 मोल असतील तर गुणाकार 10⁻⁸, म्हणजे अवक्षेप येणार. दोन्ही दहापट विरळ असतील तर 10⁻¹⁰, आणि पाणी स्वच्छच. मिसळल्यानंतरची संहती घ्यायची हे मुलं हमखास विसरतात : समान आकारमानं एकत्र केली की प्रत्येकाची संहती अर्धी होते.

आता आगरवाड्याच्या मिठागरातलं मीठ अवक्षेप म्हणायचं का? तिथे द्रावणं मिसळत नाहीत, उन्हाने पाणी आटतं. आधी जिप्सम बाहेर पडतं, आणि पाणी मूळच्या साधारण दहाव्या हिश्शावर आलं की मीठ. मर्यादा ओलांडण्याचा हिशोब तोच असल्याने कोणी अवक्षेप म्हटलं तर शास्त्राला धक्का लागत नाही. मी मात्र मिठाचे स्फटिक म्हणेन. आणि आगरात उभं राहून बोलायचं तर 'मीठ पिकतं' याहून नेमकं काही नाही.