वाचकांचे प्रश्न: अ‍ॅप परदेशी, परवाना कोणाचा?

प्रश्न: एकच डिजिटल बँक चार-पाच देशांत चालते आणि मूळ देशात तिला रीतसर परवाना आहे. मग इतर देशांतल्या ग्राहकांच्या ठेवीही तितक्याच सुरक्षित मानायच्या का?

उत्तर: नाही. परवाना ब्रँडला मिळत नाही, त्या त्या देशात नोंदलेल्या कंपनीला मिळतो. ठेव-विमा किती, हेही परवान्याच्या प्रकारावर ठरतं. ब्राझीलच्या नूबँक या डिजिटल बँकेने मेक्सिकोत आधी 'सोफिपो' या दुय्यम दर्जाच्या परवान्यावर ठेवी घेतल्या. पूर्ण बँकेच्या परवान्याला मंजुरी मिळाली ती 2025 मध्ये. तिथे सोफिपोतल्या ठेवीला 25,000 यूडीआयपर्यंत संरक्षण असतं, बँकेतल्या ठेवीला 4,00,000 यूडीआयपर्यंत. (यूडीआय हे महागाईबरोबर वाढणारं हिशेबाचं एकक आहे.) म्हणजे नाव तेच असलं तरी संरक्षणात सोळा पटींचा फरक पडू शकतो, आणि नुसत्या नावावरून तो कळत नाही.

म्हणून खातं उघडण्याआधी अटी-शर्तींमधून कंपनीचं पूर्ण कायदेशीर नाव उतरवून घ्या. नियामकाचं संकेतस्थळ स्वतः उघडून परवानाधारकांच्या यादीत ते शोधा. अ‍ॅपमधल्या लिंकवरून जाऊ नका. मग तेच नाव ठेव-विमा संस्थेच्या यादीत आहे का, ते पाहा. पहिल्या यादीत आहे आणि दुसऱ्यात नाही, असंही निघू शकतं.

प्रश्न: वॉलेटमधली शिल्लक म्हणजे ठेवच ना?

उत्तर: सहसा नाही. केनियात 2007 मध्ये सुरू झालेल्या एम-पेसा या मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या सेवेने ग्राहकांचे पैसे व्यापारी बँकांतल्या विश्वस्त खात्यांत वेगळे ठेवले. ही पद्धत चांगली आहे, पण वॉलेटची एकूण शिल्लक आणि बँकेतली रक्कम यांचा ताळमेळ रोजच्या रोज बसला तरच. आठवड्याने ताळमेळ घेणारी कंपनी मधले सहा दिवस अंदाजावर चालते.

प्रश्न: दोन देशांच्या नियामकांत माहिती देण्या-घेण्याचे करार असतात. तरी घोटाळे होतातच कसे?

उत्तर: करार असतो, पण कागद खरा आहे का हे मूळ ठिकाणी जाऊन कोणी विचारत नाही. जर्मनीच्या वायरकार्ड या पेमेंट कंपनीने 1.9 अब्ज युरो फिलिपिन्समधल्या दोन बँकांत असल्याचं दाखवलं होतं. जून 2020 मध्ये त्या बँकांनी कागदपत्रं बनावट असल्याचं सांगितलं आणि तिथल्या केंद्रीय बँकेने पैसे देशात आलेच नव्हते असं स्पष्ट केलं.

यावर उपाय म्हणून कंपनीने डेटा देशातच ठेवावा अशी सक्ती सुचवली जाते, पण तिने हा प्रश्न सुटत नाही, असं आमचं ठाम मत आहे. यजमान देशाच्या, म्हणजे परदेशी कंपनी जिथे सेवा देते त्या देशाच्या, नियामकाला पैसे ठेवणाऱ्या बँकेकडून थेट शिल्लक-दाखला मागवण्याचा अधिकार हवा. कंपनीमार्फत किंवा मधल्या विश्वस्तामार्फत आलेला दाखला चालवून घेऊ नये. उत्तराची मुदतही करारात लिहावी. आणि दाखला महिन्याच्या मधल्या, आधी न कळवलेल्या तारखेचा मागवावा, कारण महिनाअखेरीला उसने पैसे आणून शिल्लक फुगवता येते.