पेंटबॉलच्या स्पर्धेत खेळ सुरू होताच ‘लेन’ कशी धरावी?

भोंगा वाजताच आपण धावणाऱ्या प्रतिस्पर्ध्यावर नेम धरता, तरीही तो कोपऱ्यातल्या बंकरमागे (म्हणजे आडोशासाठी मैदानात ठेवलेल्या अडथळ्यामागे) सुखरूप पोहोचतो, असा आपला प्रश्न आहे. नाशिकमध्ये पाच जणांचा संघ जमवल्यावर पहिले कित्येक महिने मीही हेच करत होतो. आपला नेम वाईट नाही. तो माणसावर धरला जातो, इथेच घोटाळा आहे.

स्पर्धेत रंगाने भरलेल्या गोळीचा वेग सेकंदाला ३०० फुटांच्या आत ठेवावा लागतो, आणि जेमतेम तीन ग्रॅमची ती गोळी हवेत लगेच मंदावते. पस्तीस-चाळीस मीटर जायला तिला अर्धा ते पाऊण सेकंद लागतो. तेवढ्यात जोरात पळणारा गडी तीन-चार मीटर पुढे निघून जातो. म्हणून दोन बंकरांमधली एक फट आधीच हेरून, तो तिथे येण्यापूर्वीच तिच्यातून गोळ्यांची धार सुरू ठेवायची, हीच लेन. द्राक्षबागेत दोन ओळींमधून पाहिले, तर पलीकडून आडवा जाणारा माणूस जसा क्षणभरच दिसतो, तसाच तो लेनमध्ये येतो.

सामन्याआधी मैदानावर फिरताना मी सुरुवातीच्या जागी उभा राहून फटीमागची जाळीचा खांब किंवा फलकाची कड अशी एखादी न हलणारी खूण ठरवतो. तेवढ्या अंतरात गोळी दीड-दोन मीटर खाली येते, त्यामुळे नळी डोळ्यांना पटणार नाही इतकी वर ठेवावी लागते. स्नेकच्या (म्हणजे मैदानाच्या कडेने जाणाऱ्या लांब, बुटक्या बंकरच्या) बाजूला गडी शेवटी सूर मारतो, तेव्हा तिथली धार गुडघ्याएवढी खाली हवी.

एवढे करूनही माणूस निसटतो. सेकंदाला दहा गोळ्या सुटत असतील, तर दोन गोळ्यांमधल्या वेळात तो अर्ध्या मीटरहून जास्त सरकतो. नवखे खेळाडू नळी डोलवून धारेतली ही भोके आणखी मोठी करतात. नळी स्थिर ठेवा आणि महत्त्वाच्या फटीवर दोघांना लावा. (पावसाळ्यात दमट हवेने फुगलेल्या गोळ्या मात्र कोणाचेच ऐकत नाहीत, त्या हवाबंद डब्यातच ठेवाव्यात.)

दोन-तीन सेकंदांत कोणी आले नाही, तर तो मधल्याच बंकरमागे थांबला असे समजून स्वतः आडोसा घ्यावा आणि साथीदारांना ओरडून सांगावे.