वाचकांचे प्रश्न: अमेरिकेच्या पहिल्या तिजोरीचा जमाखर्च

मागच्या अंकात एका उत्तरात मी ओझरतं लिहून गेलो की १७८९ मध्ये अमेरिकेची सरकारी तिजोरी सुरू झाली तेव्हा ती रिकामी होती आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. त्यावर इतके मेसेज आले की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच देतोय. मी स्वतः जिल्हा कोषागारात तीस वर्षं बिलं पास करण्यात (आणि त्याहून जास्त परत पाठवण्यात) घालवली, त्यामुळे या विषयावर कुणी बोलायला लावलं की मला थांबवणं अवघड असतं, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न: सर, ब्रिटिशांविरुद्धचं स्वातंत्र्ययुद्ध १७८३ लाच संपलं ना? मग सहा वर्षं सरकार चाललं कशावर? (बँकेतून निवृत्त वाचक, सातारा)

चाललं कसलं, ढकललं म्हणा. त्या वेळच्या काँग्रेसला (म्हणजे तिकडच्या संसदेला) कर लावायचा अधिकारच नव्हता, १३ राज्यांना मागणीपत्र पाठवायचं आणि ती काय देतायत त्याची वाट बघायची. सोसायटीत मेंटेनन्स ऐच्छिक ठेवला तर लिफ्टचं लाइटबिल किती महिने भरलं जाईल, तेवढंच ते चाललं. युद्धात 'कॉन्टिनेन्टल' नावाच्या नोटा छापल्या होत्या, २४ कोटी डॉलरच्या आसपास, त्यांची किंमत इतकी घसरली की फडतूस वस्तूला 'कॉन्टिनेन्टलच्याही लायकीची नाही' म्हणायची पद्धत पडली. फ्रान्सकडून आणि ॲम्स्टरडॅमच्या सावकारांकडून उसने घेतलेले होते ते वेगळेच. १७८१ ते १७८४ रॉबर्ट मॉरिस नावाच्या फिलाडेल्फियाच्या व्यापाऱ्याने कारभार सांभाळला, वेळेला स्वतःची पत पणाला लावून चिठ्ठ्या काढून, तो गेल्यावर तीन जणांचं एक मंडळ आलं आणि १७८५ पासून तर फ्रान्सचं व्याज द्यायचंही थांबलं.

नवीन संविधानाने काँग्रेसला कर लावायचा हक्क दिला आणि गंमत बघा, कराचा कायदा आधी झाला, ४ जुलै १७८९ ला, आणि ट्रेझरी खातं नंतर, २ सप्टेंबरला. म्हणजे गल्ला आधी आणि दुकान मागून. या खात्याचा पहिला मंत्री म्हणून अलेक्झांडर हॅमिल्टनची नेमणूक ११ सप्टेंबरला झाली, शुक्रवार होता, आणि सोमवार उजाडायच्या आत गडी न्यूयॉर्कच्या बँकेकडून ५० हजार डॉलर उचलायच्या मागे लागलेला, तेवढेच फिलाडेल्फियाच्या बँकेकडे मागितले. पगार तरी व्हायला हवेत ना.

प्रश्न: उत्पन्न कशातून यायचं? इन्कम टॅक्स होता का? (कॉमर्सची विद्यार्थिनी, डोंबिवली)

नाही गं बाई, इन्कम टॅक्स यायला अजून सत्तर वर्षं होती, तोही यादवी युद्धाच्या धामधुमीत आला. इथे जवळजवळ सगळं उत्पन्न बंदरावरच्या जकातीचं, म्हणजे आजच्या भाषेत कस्टम ड्युटी. १७८९ ते १७९१ या पहिल्या काळात मिळून ४४ लाख डॉलरच्या आसपास जमा झाले आणि त्यात जकात सोडून बाकीचं नावालाच होतं. बऱ्याचशा मालावर किमतीच्या ५ टक्के, काही जिनसांवर मापाने: कॉफीला पौंडामागे अडीच सेंट, मदिरा वाइनला (मदिरा नावाच्या बेटावरची) गॅलनमागे १८ सेंट. शिवाय जहाजाच्या टनावर वेगळा कर, अमेरिकन जहाज असेल तर टनाला ६ सेंट, परदेशी असेल तर ५०.

आता इथे एक भारी गोष्ट आहे. व्यापाऱ्याने माल उतरवला की लगेच रोख भरायची सक्ती नव्हती. तो जामीन देऊन बंधपत्र लिहून द्यायचा, वेस्ट इंडीजचा माल असेल तर ४ महिन्यांत, मदिरा वाइन असेल तर १२ महिन्यांत (ती मुरायला ठेवतात, विकायला वेळ लागतो), बाकी मालाला ६ महिने. म्हणजे सरकार व्यापाऱ्याला उधारी देत होतं. पण ज्याचं बंधपत्र थकलं त्याला पुढची उधारी बंद, आधी जुनं मिटवा, मग नवीन. आमच्या गावच्या किराणा दुकानदाराचा नियम यापेक्षा वेगळा नव्हता, फक्त त्याच्याकडे तो पाटीवर लिहिलेला असायचा. जकात गोळा करणारे कलेक्टर बंदराबंदरांत पसरलेले, त्यांनी किती आले किती गेले त्याचा तक्ता दर आठवड्याला वर पाठवायचा, आणि १७९० मध्ये चोरटा माल पकडायला १० गस्ती जहाजंही मंजूर झाली.

प्रश्न: पैसे बाहेर कसे पडायचे? मंत्र्याने सही केली की झालं का? (नाव नको, सरकारी कर्मचारी, नागपूर)

हा माझा आवडता प्रश्न, आणि विचारणारे आपल्यातलेच दिसतात. मंत्र्याच्या एकट्याच्या सहीने एक सेंटही हलत नव्हता. संविधानातच लिहिलंय की कायद्याने मंजुरी असल्याशिवाय तिजोरीतून रक्कम काढायची नाही आणि जमाखर्च वेळोवेळी छापून लोकांसमोर ठेवायचा. आणि २ सप्टेंबरच्या कायद्याने खात्यातली माणसं मुद्दाम एकमेकांच्या आडवी बसवली.

उदाहरण घ्या. दीपगृहं तेव्हा ट्रेझरीकडे होती. समजा एका दीपगृहाला दिव्याचं तेल पुरवलं आणि त्याचं बिल आलं. आधी ते ऑडिटरकडे जाणार, तो पावत्या तपासणार, बेरीज बघणार, किती देणं निघतं ते लिहून कंट्रोलरकडे पाठवणार. कंट्रोलर परत बघणार, कायद्यात यासाठी मंजुरी आहे का, ऑडिटरचं म्हणणं बरोबर आहे का. मग रक्कम द्यायचा हुकूम निघणार, त्याला वॉरंट म्हणत (पोलिसांचं नव्हे). त्यावर सेक्रेटरी (म्हणजे मंत्रीच) सही करणार, कंट्रोलर प्रतिस्वाक्षरी करणार, रजिस्टर नावाचा अधिकारी त्याची नोंद वहीत चढवणार. आणि एवढं सगळं झाल्यावरच खजिनदार पैसे देणार आणि पावती घेणार. ज्याच्याकडे रोकड आहे त्याला हुकूम काढता येत नाही, जो हुकूम काढतो त्याने रोकडीला हात लावायचा नाही, आणि वही तिसऱ्याकडेच. त्या खजिनदाराकडून दीड लाख डॉलरचा जामीन लिहून घेतला होता, आणि त्याचे हिशेब दर तीन महिन्यांनी कंट्रोलर तपासायचा.

तुम्हाला हे ओळखीचं वाटत असेल तर वाटायलाच हवं. त्याच वर्षी इकडे पुण्यात सवाई माधवरावांच्या नावाने नाना फडणवीस कारभार बघत होते, आणि आपल्या मराठी राज्यातही दरखदार होतेच की: मुजुमदार हिशेब तपासणारा, फडणीस दफ्तर सांभाळणारा, पोतनीस रोकडीचा हिशेब ठेवणारा. या दरखदारांना मामलेदाराने वाटेल तेव्हा काढून टाकायची सोय नव्हती आणि त्यांच्या सहीशिवाय हिशेब पुरा धरला जात नव्हता. हॅमिल्टनने आपल्याकडून घेतलं असं कुणी व्हॉट्सॲपवर फिरवू नका प्लीज, त्यांच्यासमोर इंग्लंडच्या तिजोरीचा आणि त्यांच्या स्वतःच्या मॉरिसच्या वेळचा नमुना होता. पण पैशाजवळ एकटा माणूस ठेवायचा नाही हे शहाणपण दोन्हीकडे होतं.

मी नोकरीत असताना माझंच प्रवासभत्त्याचं बिल एका कार्यालयाने तीनदा परत पाठवलं होतं, एकदा रेव्हेन्यू स्टॅम्प नाही, एकदा स्टॅम्प आहे पण सही त्याच्यावर आली नाही, तिसऱ्यांदा काय होतं ते आता आठवत नाही. तेव्हा मी चिडलो होतो. पण त्याआधी त्याच टेबलावर बसून मी हेच कितीजणांना केलेलं, त्यामुळे तक्रार कुठल्या तोंडाने करणार.

प्रश्न: तेव्हाचं बजेट केवढं असायचं? (पुणे)

पहिलं बजेट तुमच्या वाणसामानाच्या यादीपेक्षा लहान होतं. २९ सप्टेंबर १७८९ चा खर्चमंजुरीचा कायदा म्हणजे एक परिच्छेद, चार आकडे. मुलकी कारभाराला जास्तीत जास्त २,१६,००० डॉलर, युद्धखात्याला १,३७,०००, जुन्या मंडळाने काढून ठेवलेल्या आणि न वटलेल्या वॉरंटांसाठी १,९०,०००, आणि जखमी सैनिकांच्या पेन्शनला ९६,०००. एकूण ६,३९,०००. यातला तिसरा आकडा बघा, जवळजवळ तीस टक्के रक्कम आधीच्या लोकांच्या न वटलेल्या कागदांवर गेली. पुढे काँग्रेसमधले काहीजण कुरकुरायला लागले की इतकं ढोबळ नको, बाब न बाब लिहून द्या, आणि ट्रेझरीचं म्हणणं की थोडी मोकळीक ठेवा. हे भांडण तिकडे अजून चालू आहे, इकडेही आहे.

प्रश्न: सैनिकांचे रोखे सटोडियांनी स्वस्तात घेतले आणि सरकारने पूर्ण किंमत सटोडियांना दिली, हे खरं का? मग हॅमिल्टन हिरो कसा? (कोल्हापूर)

खरं आहे. युद्धात पगार द्यायला पैसे नव्हते म्हणून सैनिकांना, शेतकऱ्यांना कागद दिले होते, की नंतर देऊ. नंतर म्हणजे कधी ते कुणालाच माहीत नाही, घरी चूल पेटायला हवी, म्हणून लोकांनी ते कागद डॉलरला पंधरा-वीस सेंटने विकून टाकले. जानेवारी १७९० मध्ये हॅमिल्टनने काँग्रेसला अहवाल दिला: परदेशी कर्ज सुमारे १ कोटी १७ लाख, देशातलं थकलेल्या व्याजासकट ४ कोटी २४ लाख, आणि राज्यांचं अंदाजे अडीच कोटी, हे सगळं केंद्राने अंगावर घ्यायचं. आणि कागद आज ज्याच्या हातात आहे त्यालाच पैसे मिळणार. बातमी कळलेल्यांनी रोकड भरून जहाजं दक्षिणेकडे धाडली, खेड्यातल्या लोकांना कळायच्या आत कागद गोळा करायला.

काँग्रेसचा सदस्य जेम्स मॅडिसन म्हणाला, थोडं मूळ सैनिकाला द्या, थोडं आत्ताच्या मालकाला. मतदान झालं, ३६ विरुद्ध १३, मॅडिसन हरला. हॅमिल्टनचा मुद्दा असा की रोखा विकला की हक्कही विकला, त्यात सरकार नंतर हात घालणार असेल तर सरकारचा कागद पुढे कुणी घेणारच नाही, आणि कुणी कधी कुणाला विकला याच्या धड नोंदी तरी कुठे होत्या. माझं विचाराल तर हिशेबनीस म्हणून मी हॅमिल्टनच्या बाजूने सही केली असती आणि घरी येऊन जेवलो नसतो.

राज्यांची कर्जं घेण्याचं गाडं मात्र अडलं, कारण व्हर्जिनियासारख्या राज्यांनी आपलं बरंचसं फेडलेलं, त्यांनी दुसऱ्यांचं का भरायचं? शेवटी परराष्ट्रमंत्री जेफर्सनच्या घरी जेवणावर हॅमिल्टन आणि मॅडिसनचा सौदा झाला, राजधानी दक्षिणेकडे पोटोमॅक नदीवर न्यायची आणि बदल्यात मतं द्यायची. ४ ऑगस्ट १७९० ला कायदा झाला. जुन्या देशी रोख्यांच्या मुद्दलाला नवे रोखे मिळाले, दोन तृतीयांश रकमेवर लगेच ६ टक्के, उरलेल्या एक तृतीयांशावर व्याज १८०१ पासून, आणि थकलेल्या व्याजाच्या बदल्यात ३ टक्क्यांचे. मुद्दल फेडायची घाई नाही, पण व्याज तारखेला मिळणारच. सुरुवातीच्या खर्चात निम्म्याच्या आसपास रक्कम निव्वळ व्याजात जात होती. EMI भरणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न: दारूवरच्या करासाठी सैन्य पाठवलं होतं म्हणे? (रत्नागिरी)

हो. नुसत्या जकातीवर राज्यांचं कर्ज झेपेना म्हणून मार्च १७९१ मध्ये देशी व्हिस्कीवर कर आला. डोंगरापलीकडच्या शेतकऱ्याला धान्य बाजारात न्यायला परवडत नव्हतं म्हणून तो त्याची व्हिस्की करायचा आणि उधारीसुद्धा व्हिस्कीने फेडायचा. १७९४ मध्ये पश्चिम पेनसिल्व्हेनियात भडका उडाला, राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनने जवळजवळ १३,००० शिबंदी पाठवली, सैन्य पोचेपर्यंत बंडवाले पांगलेले. १८०२ मध्ये जेफर्सन राष्ट्राध्यक्ष असताना तो करच काढला.

प्रश्न: एवढे नियम होते तर घोटाळा कधी झालाच नाही का? (ठाणे)

झाला ना. कायद्यात कलमच होतं की ट्रेझरीच्या अधिकाऱ्याने व्यापार करायचा नाही, सरकारी रोखे घ्यायचे नाहीत, केलं तर ३,००० डॉलर दंड आणि नोकरी गेली. तरी हॅमिल्टनचा पहिला सहायक विल्यम ड्यूअर रोख्यांच्या सट्ट्यात होताच, १७९० मध्येच पायउतार झाला, आणि १७९२ मध्ये त्याचं दिवाळं वाजलं तेव्हा न्यूयॉर्कचा बाजार सोबत घेऊन बसला. १७९३ मध्ये खुद्द हॅमिल्टनवर ठराव आले की परदेशी कर्जाची रक्कम ज्या कामाला मंजूर झाली ती सोडून दुसरीकडे वळवली. त्याने काही आठवड्यांत ढीगभर हिशेब मांडले आणि ठराव सगळे पडले. माझ्या मते एका खात्याचे पैसे दुसऱ्यात फिरवण्यात त्याचा हात थोडा सैल होताच, पण खिशात काही गेलं नव्हतं.

आणि शेवटी त्या वहीवाल्या रजिस्टरचं सांगतो, कारण त्याच्याबद्दल कुणीच विचारलं नाही. जोसेफ नूर्स त्याचं नाव. १७८९ पासून वही सांभाळत होता, सहा राष्ट्राध्यक्ष आले आणि गेले, १८२९ मध्ये सातव्याने, म्हणजे अँड्र्यू जॅक्सनने, त्याला काढलं, आणि वर त्याच्याकडे अकरा हजारांवर डॉलर निघतात म्हणून वसुली लावली. म्हातारा कोर्टात गेला. कोर्टाने माणसं नेमून हिशेब तपासायला लावला, तर सरकारच उलट त्याचं देणं निघालं.