प्रवाळ पांढरे पडत आहेत, काय करावे?

प्रश्न : दुबईतील आमच्या घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतील प्रवाळ उन्हाळ्यात पांढरे पडू लागले आहेत. खाद्य वाढवावे का?

उत्तर : सरसकट खाद्य वाढवू नये, त्याने पाणी अधिक बिघडेल. प्रवाळाच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवाले प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करून त्याला पुरवतात, आणि पाणी बराच काळ तापलेले राहिले की हीच शैवाले बाहेर पडून पारदर्शक ऊतींखालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. असा प्रवाळ मेलेला नसून उपाशी असतो, म्हणून तापमान हळूहळू २५-२६ अंश सेल्सिअसपर्यंत उतरवून तेथेच स्थिर ठेवावे. काही आठवडे दिवेही मंद असावेत. बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्याची भर मात्र शुद्ध केलेल्या गोड्या पाण्यानेच घालावी, कारण मीठ टाकीतच उरते.